एप्सन परफेक्शन व्ही६००: वंशावळीच्या कामासाठी हा स्कॅनर घ्यावा का?

घरातल्या जुन्या ऐवजात कागदी फोटो आणि १२० फिल्मच्या मोठ्या निगेटिव्ह जास्त असतील, तर एप्सनचा व्ही६०० जरूर घ्या. ३५ मिमीच्या निगेटिव्हचीच पाकिटं भरलेली असतील तर काम चालेल, समाधान होईलच असं नाही. काचेच्या निगेटिव्ह, जाडजूड बांधीव नोंदवह्या किंवा मोठ्या तसबिरी हेच मुख्य काम असेल तर घेऊ नका. ते पैसे कॅमेऱ्याच्या स्टँडवर आणि बऱ्या दिव्यांवर घाला.

हे मॉडेल २००९ मधलं. यूएसबी २.०, चार किलोंच्या आसपास वजन, २१६ × २९७ मिमीची काच, झाकणात निगेटिव्हसाठी वेगळा दिवा. दिवे एलईडीचे असल्याने तापायची वाट बघावी लागत नाही. त्यानंतर किती तरी स्कॅनर आले, तरी या कामात हा टिकून आहे तो मुख्यतः आतल्या सीसीडी सेन्सरमुळे, म्हणजे भिंगातून चित्र टिपणाऱ्या सेन्सरमुळे.

आज दुकानात मिळणारे सडपातळ, फक्त यूएसबीच्या वायरवर चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस (कॉन्टॅक्ट इमेज सेन्सर) जातीचे असतात. कॅननची लाइड मालिका त्यातलीच. त्यात सेन्सर काचेला अगदी लगटून धावतो, आणि काचेपासून जरा वर उचललेली गोष्ट लगेच धूसर होते. पत्र किंवा दाखला सपाट असतो, त्याला हे चालून जातं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना अल्ब्युमिन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो) सपाट नसतो. वरचा थर, कागद आणि पुठ्ठा दमट हवेत वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, त्यामुळे तो बशीसारखा वाकतो. तो काचेवर दाबून सरळ करायला गेलात तर थराला तडा गेलाच म्हणून समजा. सीसीडीत आरसे आणि भिंग असतं, म्हणून थोडी वर राहिलेली कडसुद्धा वाचण्याइतकी स्पष्ट येते. झाकण दाबूच नका. अलगद टेकवा आणि फटीतून येणारा उजेड अडवायला वरून काळं कापड टाका.

खोक्यावर ६४०० डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) असं ठळक छापलेलं आहे. प्रिंटसाठी तो आकडा विसरा. ६ × ४ इंचांचा फोटो ६४०० ला स्कॅन केला तर शंभर कोटींच्या घरात पिक्सेल होतात आणि त्यातून हाती लागतं ते कागदाचं पोत. प्रिंटसाठी ६०० हा पाया धरा, छोट्या किंवा फार बारकाव्याच्या प्रिंटसाठी १२०० वर जा. त्यापुढे जाऊन काही मिळत नाही.

१२०० कधी लागतं ते एका उदाहरणावरून कळेल. ८ × ६ इंचांच्या समूहफोटोत मागच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा जेमतेम ५ मिमी उंच असतो. ३०० डीपीआयला तो ५९ पिक्सेल उंच येतो, ६०० ला ११८, १२०० ला २३६. अनोळखी माणूस दुसऱ्या फोटोतल्या माणसाशी ताडून बघायचा तर कानाची ठेवण, केसांची रेषा, भुवयांमधलं अंतर बघावं लागतं. ५९ पिक्सेलांच्या चेहऱ्यात अख्खा कान वीस पिक्सेलांत संपतो. मात्र फोटोत मुळात बारकावा हवा. मोठ्या निगेटिव्हवरून थेट, त्याच मापात काढलेला जुना कॉन्टॅक्ट प्रिंट १२०० ला भरभरून देतो. १९७०-८० च्या दशकातल्या, छोट्या निगेटिव्हवरून यंत्राने मोठ्या केलेल्या रंगीत प्रिंटमध्ये ६०० च्या वर काही उरलेलंच नसतं. शंका असेल तर दहापट भिंगाने बघा. भिंगातूनही चेहरा मऊच दिसत असेल तर स्कॅनर तरी काय करणार?

फायलींच्या आकाराचा अंदाज असू द्या. कार्ट द व्हिझिट, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला पुठ्ठ्यावरचा छोटा फोटो, त्याचा पुठ्ठा साधारण ६४ × १०० मिमीचा असतो. तो १२०० ला, ४८ बिट रंगात घेतला की टिफ (दर्जा न घटवता चित्र साठवणारी) फाइल ८६ एमबीच्या आसपास जाते. त्याचाच मोठा भाऊ, १०८ × १६५ मिमीचं कॅबिनेट कार्ड ६०० ला ६० एमबीपर्यंत. फिकट पडलेल्या फोटोसाठी ४८ बिट हवंच, कारण अशा फोटोत सगळ्या छटा एका चिंचोळ्या पट्ट्यात गोळा झालेल्या असतात. २४ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. त्यातल्या साठ-सत्तरच वापरात असल्या आणि तुम्ही कॉन्ट्रास्ट ताणलात, की गालावर पट्टे दिसायला लागतात. ४८ बिटमध्ये पायऱ्या ६५,५३६ असतात. फोटोची मागची बाजू आणि साधी पत्रं २४ बिटमध्ये घेतली तरी पुरतं.

सोबत येणारं एप्सन स्कॅन दिसायला जुनाट आहे, पण त्याचा प्रोफेशनल मोड चांगला आहे. फुल ऑटो आणि होम मोडकडे ढुंकूनही बघू नका. पहिला सापळा प्रीव्ह्यूचा आहे. थंबनेल प्रीव्ह्यू फोटोची कड स्वतः ओळखतो आणि आतल्या बाजूने कापतो. वंशावळ शोधणाऱ्याला तीच कड हवी असते. पांढऱ्या पट्टीवर छापलेला महिना-वर्ष, नागमोडी कातरलेली किनार, जुन्या अल्बमच्या गोंदाचे डाग, खालच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव, हे सगळं कापलं जातं. नॉर्मल प्रीव्ह्यू निवडा, चौकट हाताने आखा आणि चारही बाजूंनी ५ मिमी मोकळी जागा सोडा.

मग खालची सगळी सुधारणा-बटणं बंद करा: अनशार्प मास्क (कडा धारदार करणारं), कलर रिस्टोरेशन, बॅकलाइट करेक्शन, डस्ट रिमूव्हल. कलर रिस्टोरेशन लाल पडलेल्या रंगीत फोटोंवर खरंच छान चालतं, पण ते मूळ स्कॅनमध्ये मिसळलं की परत काढता येत नाही. अनशार्प मास्क पेन्सिलच्या अक्षरांभोवती पांढरी कड तयार करतो, आणि पुढे तीच अक्षरं उजळायला गेलात की कडच जास्त ठळक होते. मूळ टिफ कोरी ठेवायची. नटवायची ती तिची प्रत. ऑटो एक्स्पोजरही बंद करा. तो प्रत्येक चौकटीसाठी वेगळा हिशेब करतो. मोठा दाखला दोन भागांत स्कॅन करून जोडायचा असेल तर दोन अर्ध्या भागांचा रंग जुळत नाही आणि मधली शिवण उघडी पडते. दोन्ही भाग एकाच सेटिंगवर घ्या आणि २-३ सेंमी एकमेकांवर येऊ द्या.

कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करा. जागा वाचवायला ग्रेस्केल निवडण्याची चूक फार जण करतात, आणि तिची किंमत मागची बाजू वाचताना कळते. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे चॅनेल मिळतात. कुठल्याही फोटो-संपादन प्रोग्रॅममध्ये ते सुटे करून बघता येतात. वयाने तपकिरी पडलेली शाई निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात गडद दिसते. जांभळा रबरी शिक्का हिरव्यात उठून येतो. निळी शाई लाल चॅनेलमध्ये काळी होते, आणि त्याच चॅनेलमध्ये पिवळट डाग जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे डागाखाली निळ्या शाईत लिहिलेलं नाव वाचायचं असेल तर लाल चॅनेल उघडायचा, की काम झालं. तपकिरी शाईवर पिवळा डाग असेल तर मात्र दोन्ही निळ्या चॅनेलमध्येच गडद होतात आणि सुटका कठीण असते.

मागची बाजू कोरी वाटली तरी स्कॅन करा. फोटो-पोस्टकार्ड असेल तर तिकिटाच्या चौकोनातली छपाई कागदाचा काळ सांगते. एझो या छापाच्या फोटो-कागदावर चौकोनाच्या कोपऱ्यांत छोटे त्रिकोण असतात. चारही टोकं वर असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ चा, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० चा. पण हे वर्ष कागदाचं आहे, फोटोचं नाही. स्टुडिओत जुना साठा वर्षानुवर्षं पडून असायचा. म्हणून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच त्यावरून म्हणता येतं. वंशावळीत नेमकी इथेच घाई होते आणि चुलत आजोबांचा फोटो आजोबांच्या नावावर चढतो.

पुठ्ठ्यावर दाबून उमटवलेला, शाई नसलेला शिक्का पहिल्या स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. स्कॅनरचा प्रकाश एकाच दिशेने पडतो. अक्षराच्या उंचवट्याची कड त्या प्रकाशाला आडवी आली तरच सावली पडते. फोटो ९० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. खरबरीत, रेशमी पोताच्या कागदाचा त्रास याच्या उलट. तिथे प्रत्येक उंचवटा चमकतो आणि चेहऱ्यावर जाळी पसरते. त्यावर उपाय आहे, थोडा वेळखाऊ. फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करायचा, दुसरा संगणकात पुन्हा १८० अंशांत फिरवून पहिल्यावर तंतोतंत बसवायचा आणि वरच्या थराची पारदर्शकता ५० टक्के करायची. दोन्हीकडच्या सावल्या एकमेकींना खातात. जाळी पूर्ण जात नाही, चेहरा मात्र मोकळा होतो.

निगेटिव्हच्या बाबतीत या यंत्राची कामगिरी दोन टोकांची आहे. होल्डरमध्ये ३५ मिमीच्या दोन पट्ट्या, म्हणजे १२ फ्रेम, किंवा चौकटीतल्या चार स्लाइड बसतात. १२० फिल्म ६ × २२ सेंमीपर्यंत चालते. सेटिंग ६४०० पर्यंत जातं, पण फिल्मवर प्रत्यक्षात सुटा दिसणारा बारकावा १५००-१६०० डीपीआयच्या आसपासच थांबतो. हिशेब करा: ३५ मिमीच्या फ्रेममध्ये त्यातून सुमारे ३३ लाख पिक्सेलांइतकीच खरी माहिती येते. ओळख पटवायला आणि लहान छपाईला ती पुरते, मोठा फोटो करून भिंतीवर लावायला नाही. ६ × ६ सेंमीची निगेटिव्ह मात्र त्याच यंत्रावर सव्वा कोटीच्या जवळ जाते, आणि जुन्या घरगुती कॅमेऱ्यांच्या निगेटिव्ह बऱ्याचदा याच जातीच्या असतात. प्रिंट हरवला आणि निगेटिव्ह उरली, असं असेल तर व्ही६०० आपली किंमत वसूल करून देतो. फिल्म ३२०० वर स्कॅन करा आणि नंतर निम्म्यावर आणा. थेट १६०० वर घेण्यापेक्षा चित्र स्वच्छ येतं. ६४०० वर, ४८ बिटमध्ये ३५ मिमीची एक फ्रेम ३०० एमबीच्या वर जाते. त्या फुगवट्यात नवीन काहीही नसतं.

फिल्म स्कॅन करताना दोन गोष्टी हमखास चुकतात. झाकणाच्या आतली पांढरी गादी सरकवून काढायची राहते, मग दिवा झाकलेलाच राहतो. आणि होल्डरच्या वरच्या टोकाची मोकळी खाच फिल्मने किंवा धुळीने झाकली जाते. त्या खाचेतून यंत्र स्वतःचा प्रकाश मोजतं. ती अडली की चित्रभर उभ्या रंगीत रेघा येतात आणि लोक सेन्सर बिघडला म्हणून दुरुस्तीला धावतात.

फिल्मची चकचकीत बाजू खाली. उलटी ठेवली तर चित्र आरशातल्यासारखं येतं, आणि जुन्या फोटोत ते पटकन लक्षात येत नाही. पाटीवरची अक्षरं किंवा पुरुषांच्या कोटाची बटणं बघून खात्री करा. होल्डर ३५ मिमीच्या पट्टीची कड झाकतो, तिथलेच फ्रेमचे आकडे आपल्याला हवे असतात. पट्टी उजळ पडद्यावर धरून मोबाइलने कडेसकट एक फोटो काढून ठेवा. फ्रेम ११ मध्ये अनोळखी बाई असेल आणि फ्रेम १२ मध्ये तीच बाई ओळखीच्या दारात उभी असेल, तर प्रश्न बराचसा सुटतो. सुट्या प्रिंटमध्ये हा क्रम हरवलेला असतो.

धूळ आणि चरे काढणारं डिजिटल आइस रंगीत निगेटिव्हवर उत्तम काम करतं. ते इन्फ्रारेड प्रकाश वापरतं: रंगद्रव्य त्याला आरपार जाऊ देतं, धूळ अडवते, आणि त्या फरकावरून धुळीचा नकाशा तयार होतो. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. म्हणून तिथे आइस लावलं तर डोळ्यांच्या कडा, केस, कपड्यांच्या चुण्या यांनाच ते धूळ समजून पुसतं. कोडॅकच्या जुन्या कोडॅक्रोम रंगीत स्लाइडवरही तोच घोटाळा कमी-जास्त प्रमाणात होतो. प्रिंटसाठीचं आइस वेगळ्या रीतीने चालतं, स्कॅनचा वेळ वाढवतं, आणि माझ्या मते जुन्या प्रिंटवर ते बंदच ठेवावं. त्यापेक्षा हवेचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश बरा. काचेवर फवारा थेट मारू नका. कापड किंचित ओलं करून पुसा, नाहीतर द्रव कडेने आत झिरपतो.

कडेला ‘नायट्रेट’ छापलेली फिल्म, विशेषतः चिकट किंवा तपकिरी झालेली, या यंत्रावर ठेवूच नका. ती ज्वालाग्राही असते आणि तिचे वायू शेजारच्या फोटोंनाही खातात. व्हिनेगरसारखा वास येणारी ‘सेफ्टी’ फिल्म पेट घेण्याच्या दृष्टीने तितकी धोक्याची नाही, पण आकसत चाललेली असते. तिचा नंबर आधी लावा.

काचेच्या निगेटिव्हबद्दल सुरुवातीला नकार दिला, त्याचं कारण झाकणातल्या दिव्याची खिडकी. ती ७ सेंमीपेक्षाही अरुंद आहे. क्वार्टर प्लेटसुद्धा ८३ × १०८ मिमीची असते, म्हणजे दोन तुकडे करून जोडणं आलं. एवढ्या आकारासाठी त्याच कंपनीचा व्ही८५० आहे, त्यात ८ × १० इंचांपर्यंतची फिल्म बसते. नाहीतर लाइटबॉक्स (मागून उजेड देणारी पेटी) आणि कॅमेरा.

कागदपत्रांत सुटी पत्रं, दाखले, प्रमाणपत्रं याला चांगली जमतात. पातळ कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेलं असेल तर मागे काळा कागद ठेवा. झाकणाची पांढरी गादी प्रकाश परत फेकते आणि मागची अक्षरं पुढे दिसतात. काळा कागद तो प्रकाश गिळतो. वर्तमानपत्रातला छापील फोटो असेल तर ठिपक्यांची जाळी लहरी तयार करते, तेवढ्यासाठी डीस्क्रीनिंग (ती जाळी पुसणारी सोय) चालू करा आणि मजकुरासाठी पुन्हा बंद करा. बांधीव वहीला हा स्कॅनर कामाचा नाही. काचेभोवती रुंद प्लास्टिकची कड असल्यामुळे शिवणीजवळचे शब्द काचेपर्यंत पोहोचत नाहीत, आणि पोहोचवायला वही पालथी दाबावी लागते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. आधी अख्खं पान स्कॅन करा, मग दात साफ करायचा बिनमेणाचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोखालून हळूहळू सरकवून बघा. दोरा अडला तर तिथेच थांबा.

फाइल जतन होताना तिच्यात स्कॅनची तारीख बसते. बरेच प्रोग्रॅम तीच फोटोची तारीख धरतात आणि पणजीचं लग्न यंदाच्या सालात जाऊन बसतं. एक्झिफटूल किंवा डिजीकॅम हे दोन्ही मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरतात. नेमकी तारीख माहीत नसेल तर तारखेच्या रकान्यात खोटी अचूकता भरू नका. वर्णनात ‘१९३० च्या सुमारास, कपडे आणि पुठ्ठ्यावरून अंदाज’ असं कारणासकट लिहा. फाइलच्या नावात अल्बम, पान, क्रमांक आणि पुढची की मागची बाजू एवढंच घाला. माणसांची नावं फाइलच्या नावात नकोत, ती ओळख पुढे बदलते. आणि नावं आधी पक्की करा, मगच फोटो वंशावळीला जोडा. गेडकॉम हा वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायचा फाइल-प्रकार. त्याच्या ५.५.१ फायलीत फोटो नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. नाव बदललं की दुवा तुटतो. २०२१ मधल्या गेडकॉम ७ बरोबर आलेल्या गेडझिपमध्ये फोटो आणि वंशावळ एका गाठोड्यात जातात, मात्र तुमचा प्रोग्रॅम ते वाचतो का ते आधी बघा.

जुना घेत असाल तर झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा. वर्षानुवर्षांत काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर जमतो. तो बाहेरून पुसून जात नाही आणि गडद भाग करडे पाडतो. मग कोऱ्या पांढऱ्या कागदाचा ६०० डीपीआयला स्कॅन घेऊन पडद्यावर पूर्ण आकारात बघा. एकाच जागी वरपासून खालपर्यंत जाणारी रेघ दिसली तर मोजमापाच्या पट्टीवर धूळ आहे किंवा सेन्सर गेला आहे. फिल्म होल्डर, झाकणातली पांढरी गादी आणि मूळ अडॅप्टर सोबत आहेत ना ते मोजून घ्या. होल्डर हरवलेले असतील तर भाव तेवढा खाली आणा, कारण फिल्म नुसती काचेवर ठेवली तर फोकसही चुकतो आणि न्यूटनच्या रंगीत वलयांचा (फिल्म आणि काच चिकटल्यावर उमटणाऱ्या रंगीत चक्रांचा) त्रासही सुरू होतो.